एकही शब्द गेला नाही

"एवढ्या मोठ्यानं नको अण्णा, यंत्र काय बहिरं नाही," नागेश म्हणाला. "घरात बोलता तसं बोला."

"घरात मी कुठं बोलतो?" मामा म्हणाले.

मला हसू आलं, कारण ते खरंच होतं. मामा म्हणजे माझे सासरे, दुंडाप्पा कोरे, नागेशचे अण्णा. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारण्यात मामांची हयात गेली. पोत्यांच्या थप्पीसमोर उभं राहून भाव पुकारायला लागले की शेवटच्या गाळ्यातला माणूस चहाचा कप खाली ठेवून ऐकायचा. माईक कधी हातात घेतला नाही. घरी आले की मात्र त्यांचं बोलणं चहा, पाणी आणि "ऐकलंस का" एवढ्यावर भागायचं. "ऐकलंस का" हे आत्यांसाठी. आत्यांचं नाव गंगव्वा, पण या घरात येऊन मला एवढी वर्षं झाली तरी मामांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. जुनी माणसं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे धोतर सुटल्यासारखं वाटायचं त्यांना.

त्या हिवाळ्यात मामांचा आवाज बसला. हळदीची धूळ म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं, तंबाखू म्हणून आम्ही भांडलो, आणि शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

"कधीच नाही?" मामांनी विचारलं.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. परत येताना रिक्षात विश्रामबाग आलं तेव्हा मामा म्हणाले, "हिचं कसं व्हायचं?"

"आईचं काय व्हायचंय? आम्ही आहोत की," नागेश म्हणाला.

आत्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. तरी त्या घरभर वावरायच्या, देवाला हळदकुंकू वाहायच्या, मेथी निवडायच्या. पाहुणे म्हणायचे, गंगव्वाकाकूंना सगळं दिसतंय बघा. मीही तसंच म्हणायची. मामा त्यांच्या आसपास कुठंतरी असायचे आणि अधूनमधून काहीबाही पुटपुटायचे, तिकडं माझं कधी नीट लक्षच गेलं नव्हतं.

आता नागेशच्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा नवरा वेबसाइटची कामं करायचा. हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी त्यानं एक वेब अ‍ॅप तयार केलं होतं, कुणाचा माल कुठल्या गाळ्यात आहे, कुणाला पाठवायचा आहे, हे सगळं त्यात लिहून ठेवायचं. व्यापाऱ्यांना ते आवडलं, पण लिहिणार कोण? हळदीनं पिवळी झालेली बोटं घेऊन मोबाइलवर टकटक करायला कुणी तयार नव्हतं. बोलून लिहिता येत असेल तर घेऊ, नाहीतर राहू दे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. म्हणून नागेश त्यात नवी सोय घालत होता. माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, की बोललेलं सगळं अक्षरांत उमटणार. अडचण एकच होती. ते यंत्र पुणेरी मराठी शिकून आलेलं, आणि आमच्याकडं बोलणं निम्मं कानडीच्या हेलात. चाचणीला त्याला इथला आवाज हवा होता.

रिक्षातून उतरलो त्याच आठवड्यात तो मामांना म्हणाला, "अण्णा, रोज थोडा वेळ बोलाल का यात? मला आवाज पाहिजेच आहे, आणि ऑपरेशनच्या आधी तुमचं बोलणंही राहील."

मी समोरच शेंगा सोलत बसले होते. मामांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"राहील म्हणजे?"

"जपून राहील. सर्व्हरवर."

"सगळं?"

"एकही शब्द जाणार नाही. माझी गॅरंटी."

"आणि नंतर बटन दाबलं की?"

"दाबलं की तुमच्यासमोर. कधीही दाबा."

मामांचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बापलेकाचं काहीतरी एकत्र चाललंय. एरवी त्या दोघांचं बोलणं म्हणजे वीजबिल भरलं का आणि पंखा बंद कर.

दुसऱ्या दिवसापासून मामा दुपारी चहा झाला की तोंड धुवायचे, टोपी घालायचे, आणि नागेशचा टॅब घेऊन देवघराशेजारच्या खोलीत दार लावून बसायचे. सौद्याला निघाल्यासारखी तयारी. पहिल्या दिवशी बसक्या आवाजातही यार्डातल्यासारखेच गरजले, म्हणून नागेशनं ते बहिऱ्या यंत्राचं ऐकवलं. नंतर आवाज खाली आला. इतका खाली आला की दारातून जाता-येता अर्धंमुर्धंच कानावर पडायचं.

मला वाटलं होतं, सांगतील जुन्या गोष्टी. दुष्काळाच्या, यार्डातल्या भानगडींच्या. एक दिवस धुणं घेऊन जाताना मी थबकले. आतून मामा म्हणत होते, "आलो गं मी." जरा थांबले. "चहा निवतोय." पुन्हा थांबले. "हळू, पायरी आहे." मग, "वाटीत डाव्या हाताला चटणी आहे." खोलीत तर दुसरं कुणी नव्हतं.

आजारपणानं माणूस डोक्यानं हलतो, असं ऐकलं होतं. संध्याकाळी मी नागेशला गाठलं.

"मामा आत बसून काय बोलतात ठाऊक आहे का तुला? पायरी आहे, चटणी आहे. मला काही हे बरं दिसत नाही."

"उलट बेस्ट आहे," तो मान वर न करता म्हणाला. "छोटी वाक्यं मला पाहिजेच होती. आज एकसुद्धा चूक आली नाही."

"अरे, पण ते काय म्हणतायत ते वाचतोस का तू?"

"वाचत बसलो तर काम कधी करू, सुवर्णा? चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, तेवढं बघतो मी."

चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणायची आणि खोलीत अरे. त्या दिवशी अरे म्हणून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पातेली जरा जोरात आपटली.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मामा खूप वेळ आत होते. चहा गरम करून पुन्हा निवला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज पार फाटला होता. टॅब माझ्या हातात देऊन म्हणाले, "शेवटचं जरा लांबलंय. मावेल ना त्यात?"

"मावेल की मामा."

"कसं उघडायचं ते परत एकदा दाखव. नंतर विचारता यायचं नाही."

मी नुसतं बोट करून दाखवलं. ओळीनं त्यांची सगळी वाक्यं होती, प्रत्येकाचा फक्त पहिला शब्द दिसायचा. हे दाबायचं, की हे उघडतं. मामांनी चार वेळा करून बघितलं, पण दर वेळी उघडायच्या आत बोट मागं घ्यायचे. आत्या पलीकडंच बसल्या होत्या. मला वाटलं, लाजतायत.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून. पट्टीखाली भोक, त्यातून श्वास. आरती ओवाळली, पाणी दिलं, आणि हातपाय धुऊन मामा सरळ आत्यांच्या दिवाणावर जाऊन बसले. खुणेनं माझ्याकडं टॅब मागितला. टोपी सारखी केली. मग आत्यांच्या कानाजवळ टॅब धरून त्यांनी पहिल्या वाक्यावर बोट दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. "आलो गं मी."

मामांनी वाट बघितली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच अक्षरं. त्यांनी बाजूची बटनं चाचपून आवाज वाढवला, टॅब उलटा करून बघितला, पुन्हा दाबलं.

"आलात ना?" आत्या म्हणाल्या. "बसा की निवांत. काय टकटक लावलीय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि कानाकडं बोट केलं. आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पायरी आहे. चहा निवतोय. चटणी डाव्या हाताला आहे. हा माणूस दिवसभर आत्यांच्या मागंपुढं जे पुटपुटायचा, ते सगळं त्यानं एकेक करून भरून ठेवलं होतं. आत्यांना जे दिसायचं म्हणून आम्ही कौतुक करायचो, ते मामांच्या आवाजानं दिसायचं. आवाज जाणार म्हटल्यावर त्यांनी सोय करून ठेवली होती. बटन दाबायचं, की बायकोला ऐकू जाईल.

मी नागेशला हाक मारली. तो फोनवर होता, बोलत बोलतच आला.

"अरे, यात आवाज येत नाही."

"कसला आवाज?"

"मामांचा."

"मजकूर दिसतोय ना?"

"मजकूर दिसतोय. आवाज कुठंय?"

"आवाज कशाला असेल?" त्यानं फोन खिशात टाकला. "बोललेलं लिहून झालं की ऑडिओ आपोआप पुसला जातो. मुद्दामच तसं केलंय. सर्व्हरवर जागा किती खातो तो, आणि व्यापाऱ्यांनाही आपला आवाज दुसऱ्याकडं राहिलेला नको असतो. त्यांना हे फार आवडलं." गिऱ्हाइकाला समजवावं तसं समजावत होता. "शब्द बघ की सगळे. एक तरी गेलाय का?"

"परत नाही का आणता येत?"

"कसा आणणार? मीच तर..." बोलता बोलता त्याची नजर मामांकडं गेली. मामा अजून टॅब आत्यांच्या कानाशी धरून बसले होते. नागेश खाली बसला, जमिनीवरच.

त्या दिवशी मी त्याला सासू-सासऱ्यांसमोर पहिल्यांदा अरे म्हटलं होतं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

दवाखान्यातून आणलेली पाटी मामांनी उचलली आणि लिहिलं, "असू दे." आम्हाला दाखवली. मग सवयीनं आत्यांकडं वळवली. थोडा वेळ तशीच धरली, आणि मग मांडीवर पालथी घातली.

"काय झालं?" आत्या विचारत होत्या. "अरे, कुणी बोलाल का?"

मी सगळं सांगितलं त्यांना, शब्द न शब्द. त्यांनी हात पुढं करून मामांचा चेहरा शोधला. हात पट्टीला लागला तसा त्यांनी झटकन मागं घेतला.

नागेशनं मग घर डोक्यावर घेतलं. आमच्या लग्नाची सीडी काढली, तर त्यात मामा पंगतीत तोंड हलवतायत आणि वर बँडबाजा. सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. मामा फोनवर "हं" शिवाय कधी काही बोललेच नव्हते. शेवटी एका अडत्याच्या मोबाइलमध्ये सौद्याची क्लिप सापडली. मामा भाव पुकारत होते, खणखणीत. नागेशनं ती आत्यांना ऐकवली. आत्यांनी पूर्ण ऐकली.

"हा यार्डातला आवाज," त्या म्हणाल्या. "घरातला हा नव्हे."

डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून भुंगा घोंगावल्यासारखा आवाज यायचा. मामांनी ते एकदाच लावलं. आत्या दचकून भिंतीला सरकल्या. पुन्हा ते डब्यातून बाहेर निघालं नाही.

पण नागेश म्हणजे नागेश. हार मानली तर त्याचं शिक्षण वाया गेलं असतं. आठवडाभर खपला आणि एका दुपारी सगळ्यांना बोलावून बसवलं.

"आई, अण्णांचं बोलणं आणलंय बघ. आता हे लिहिलेलं वाचूनही दाखवतं. शेवटचं सगळ्यात मोठं आहे, तेच लावतो."

त्यानं बटन दाबलं. आतून एक बाई बोलायला लागली, बातम्या सांगतात तशी, स्वच्छ, कोरडी. "गंगू," बाई म्हणाली, "आज दार लावून बसलोय..."

"कोण ही?" आत्या म्हणाल्या.

"यंत्र आहे आई. शब्द अण्णांचेच आहेत."

"माझं नाव घ्यायला ही कोण?"

मामा उठले. मामांना एवढ्या चपळाईनं उठताना मी नंतर कधी बघितलं नाही. त्यांनी नागेशच्या हातातून टॅब ओढून घेतला, बाईचा आवाज बंद होईपर्यंत पडद्यावर थापा मारल्या, आणि टॅब पालथा ठेवून परसात निघून गेले. लेकासमोर, सुनेसमोर, एका परक्या बाईनं त्यांचं खाजगी उघडं केलं होतं. नागेश म्हणाला, "चांगलं करायला गेलं तरी हे असं." मी म्हटलं, "तू आता काही करू नकोस. हात जोडते तुला."

त्यानंतर मामा जगले, पण वर्षं मोजावीत असं ते जगणं नव्हतं. ते पाटीवर लिहायचे आणि मी आत्यांना वाचून दाखवायची. नवरा-बायकोच्या मधे मी. गोळी घेतलीस का. भाजी खारट आहे. विठ्ठलराव येऊन गेले. सुनेच्या तोंडी शोभेल तेवढंच ते लिहायचे. दोघांना भांडायचं असलं तरी माझ्याकडून भांडायला लागायचं, म्हणून त्यांनी भांडणसुद्धा सोडून दिलं. मामांनी अंगठीनं कपावर टक केलं की आत्यांना चहा कळायचा, काठी आपटली की पायरी. एवढंच दोघांचं स्वतःचं उरलं होतं.

नागेशचं काम मात्र जोरात चाललं. व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, फेटा. मामांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नागेश माईकवरून म्हणाला, "हे सगळं माझ्या वडिलांच्या आवाजावर उभं आहे." टाळ्या झाल्या. मामा मान खाली घालून बसले होते. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मग तो ठेवलाय कुठं ह्यानं?"

मी टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच माझ्या हातात होतं. घरी आल्यावर नागेशनं विचारलं, तुला आनंद नाही का झाला? मी शालीची घडी घालून कपाटात टाकली आणि म्हटलं, नाही झाला. त्यानंतर आमच्यातलं बोलणंही वीजबिल आणि पंख्यावर आलं, ते आजतागायत तिथंच आहे. त्याला वाटतं, मी एवढ्याशा गोष्टीचा डूख धरला. तो आजही सांगतो की त्यानं दिलेला शब्द पाळला, आणि खोटं सांगत नाही, हीच पंचाईत आहे.

मामा झोपेत गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. एका दुपारी मी मेथी निवडत होते. आत्या शेजारी होत्या, पण त्यांच्या हातातली जुडी तशीच होती. मामा गेल्यापासून त्यांना घरातल्या घरात ठेचा लागायला लागल्या होत्या.

"सुवर्णा, ते शेवटचं आहे का अजून?"

"आहे आत्या."

"तू वाचलंस?"

"हो."

मी वाचलं होतं. एकदाच, आणि मोरीत जाऊन रडले होते. त्यात काय होतं ते इथं सांगणार नाही, ते माझं नाही. एवढंच सांगते की जन्मभर चारचौघांत जे नाव त्यांनी घेतलं नाही, ते त्यात पुन्हा पुन्हा होतं, आणि प्रत्येक वाक्यात अगं-तुगं होतं.

"आण. वाच."

मी टॅब आणला. शेवटची ओळ उघडली आणि तोंड उघडलं, पण नाव काही बाहेर येईना. सासूला नावानं, एकेरीत, तेही नवऱ्याच्या मायेनं, सुनेनं कशी हाक मारायची? नागेशला बोलवावं तर लेकानं तरी आईला ती हाक कशी मारायची? सगळं गाव पालथं घातलं तरी ते वाचू शकेल असं माणूस सापडलं नसतं. होता तो एकच, आणि तो दार लावून सगळं म्हणून गेला होता.

"राहू दे," आत्याच म्हणाल्या. माझ्या श्वासावरून कळलं असेल. "तुला जमायचं नाही. आणि तुझ्या आवाजात मलाही नको."

"आत्या..."

"त्या बाईनं माझं नाव घेतलं होतं बघ. ते यांनीच घेतलेलं ना? तिनं मनाचं नव्हतं ना घातलं?"

"नाही आत्या. मामांनीच घेतलंय. सुरुवातच तशी आहे."

आत्यांनी हात पुढं केला, टॅब चाचपला, त्या गुळगुळीत काचेवरून बोटं फिरवली.

"कशी मारली असेल गं हाक?"

मी पडद्याकडं बघितलं. तिथं नुसतं नाव होतं.